सिबिल कमी असताना येणाऱ्या क्रेडिट कार्डच्या ऑफर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जाचे हप्ते थकले, जुन्या कार्डाचं बिल तुंबलं किंवा कुणाला जामीन राहिलात आणि त्याने कर्ज बुडवलं, की बँका उभं करत नाहीत. नेमके त्याच दिवसांत फोनवर मेसेज यायला लागतात: सिबिल कमी असलं तरी चालेल, कार्ड नक्की. सिबिल म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासावरून पत दाखवणारा आकडा, म्हणजेच क्रेडिट स्कोअर. ग्राहकांना मार्गदर्शन करताना जे प्रश्न माझ्यापुढे पुन्हापुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगते. पत कमी असलेल्या माणसालाही कार्ड मिळवण्याचा सरळ रस्ता आहे. त्याला एजंट लागत नाही, आणि कुणाला आगाऊ पैसे तर अजिबातच द्यावे लागत नाहीत. अडचणीतल्या माणसाला हा रस्ता कुणी सांगत नाही आणि भलत्याच रस्त्याने नेतात, याची मला खरोखर चीड येते.

"सिबिल नाही, नकार नाही, १०० टक्के मंजुरी" असं कार्ड असतं का?

नाही. क्रेडिट कार्ड म्हणजे तारण न घेता दिलेलं कर्ज. ते देण्याची परवानगी बँकांना आहे आणि रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी मिळालेल्या मोजक्या वित्त कंपन्यांना आहे. अशा वित्त कंपनीकडे किमान १०० कोटी रुपयांचा स्वतःचा निधी असावा लागतो. म्हणजे गल्लीतल्या एखाद्या फायनान्सने स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढलं, हे होऊच शकत नाही. ज्यांना परवानगी आहे, ते तुमची परतफेडीची ताकद तपासल्याशिवाय कार्ड देत नाहीत. तुमचा अर्ज बघायच्या आधीच जो मंजुरीची खात्री देतो, त्याच्या हातात मंजुरी नसतेच.

याला एकच अपवाद म्हणता येईल, तो मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डाचा. तिथे तुमचेच पैसे तारण असतात म्हणून स्कोअरचा फारसा अडसर येत नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

मेसेज खरा की खोटा, हे ओळखायचं कसं?

एक मेसेज घेऊन बघू. शब्द थोडेफार बदलतात, साचा हाच असतो:

"प्रिय ग्राहक, आपले रु. १,५०,००० लिमिटचे लाइफटाइम फ्री क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे. सिबिल आवश्यक नाही. आज रात्री १२ पर्यंत रु. १,९९९ प्रोसेसिंग फी भरून कार्ड डिस्पॅच करून घ्या."

आधी "मंजूर झाले आहे" हे शब्द बघा. तुम्ही अर्जच केलेला नाही. मग मंजूर काय झालं? पुढे कार्ड "लाइफटाइम फ्री" आहे म्हणतात आणि त्याच दमात १,९९९ रुपये मागतात. बहुतेक बँकांच्या कार्डावर जॉइनिंग फी असेल तर ती पहिल्या बिलात लागून येते, कार्ड हातात पडण्याआधी यूपीआयवर कुणी मागत नाही. आणि रात्री १२ ची मुदत कशासाठी? तुम्ही घरात कुणाला विचारू नये म्हणून. कार्ड द्यायची बँकेला अशी घाई नसते.

आता पैसे कुणाच्या नावावर जातायत ते बघा. यूपीआयवर रक्कम टाकली की घेणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे बँकेऐवजी कुण्या माणसाचं किंवा "एंटरप्रायजेस", "ट्रेडर्स" असं काही नाव आलं तर तिथेच थांबा.

नंबरावरूनही कळतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये ठरवून दिलं आहे की बँकांनी जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करायचे आणि खात्याशी, व्यवहाराशी संबंधित कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून. साध्या दहा आकडी मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. बँकांच्या वेबसाइट आता "डॉट बँक डॉट इन" ने संपतात. मेसेजमधल्या लिंकमधलं वेबसाइटचं नाव तसं संपत नसेल तर ती उघडू नका.

एवढं मात्र ध्यानात असू द्या की नंबर आणि वेबसाइट बरोबर असली तरी ऑफर तुमच्या फायद्याची आहे असं ठरत नाही. ती फक्त खऱ्या बँकेची आहे, इतकंच ठरतं.

१,९९९ भरले. आता ते "जीएसटी" आणि "लिमिट अनलॉक"चे पैसे मागतायत. ते भरले तर आधीचे परत मिळतील का?

मिळणार नाहीत. आधी प्रोसेसिंग, मग जीएसटी, मग विमा, मग "परत मिळणारी सुरक्षा रक्कम". ही साखळी तुम्ही नाही म्हणेपर्यंत चालते. आधी गेलेल्या पैशांच्या आशेने माणूस पुढचे भरतो, आणि समोरच्याचा सगळा हिशोब त्यावरच असतो. इथेच थांबा.

लगेच १९३० ला फोन लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम समोरच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवले जातात, म्हणून तासातासाला फरक पडतो. "उद्या सकाळी बघू" म्हणू नका. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही नोंदवता येते. स्वतःच्या बँकेलाही त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

मेसेज, कॉलची यादी, यूपीआयच्या पावत्या यातलं काहीही पुसू नका. लाजेपोटी चॅट डिलीट करून टाकणारे बरेच भेटतात. तुमच्याकडे असलेला पुरावा तेवढाच असतो. आणि फसवलं त्यांनी, मग लाज तुम्हाला का वाटावी?

त्यांनी एखादं ॲप टाकायला लावलं असेल, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) उघडली असेल किंवा स्क्रीन शेअर केली असेल, तर फोनचं इंटरनेट आधी बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल करून खातं, कार्ड आणि नेटबँकिंग थांबवा. फोन पूर्ण साफ होईपर्यंत त्यावर बँकेचं काहीही करू नका.

बँकेच्याच ॲपमध्ये "प्री-अप्रूव्ह्ड" दिसतंय. म्हणजे कार्ड मिळालंच ना?

बहुधा मिळेल, पण मिळालंच असं नाही. तुमच्या खात्यातली उलाढाल, पगार वगैरे बघून बँकेने काढलेला तो पहिला अंदाज असतो. अर्ज केला की क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींचा अहवाल), उत्पन्न, पत्ता यांची तपासणी होते आणि नकारही येऊ शकतो. नकार आला तर त्याचं नेमकं कारण लेखी कळवणं कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे. "पॉलिसीत बसत नाही" एवढ्या उत्तरावर परत फिरू नका.

"लाइफटाइम फ्री" खरंच फुकट असतं का?

खऱ्या बँकेच्या कार्डावर असेल तर त्याचा अर्थ वार्षिक फी नाही, एवढाच. उशीर केलात की लेट फी आहे, बिल पूर्ण भरलं नाही की व्याज आहे, एटीएममधून रोख काढली की फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज आहे, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. फुकट म्हणून दिलेल्या कार्डावर छुपे आकार नसावेत असं रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. त्याच नियमांप्रमाणे अर्जासोबत एक पानी महत्त्वाच्या बाबींचा तक्ता द्यावा लागतो: व्याजदर काय, कुठली फी किती. एजंटकडे तो तक्ता मागा. तो जर म्हणाला "नंतर ईमेलवर येईल", तर तुम्हीही सही नंतरच करा.

बिलात "मिनिमम ड्यू" फक्त हजार रुपये दाखवतायत. तेवढे भरत राहिलं तर काय बिघडतं?

फसव्या मेसेजमध्ये जितके पैसे जातात, त्याहून कितीतरी जास्त पैसे या एका ओळीने लोकांचे जातात असं माझं मत आहे, आणि हे सगळं कायद्यात बसतं. म्हणून जरा थांबून हिशोब करू.

समजा बाकी २०,००० रुपये आहे. दर महिन्याला ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. हा दर कल्पनेतला नाही, अनेक कार्डांचा दर याच्या आसपास असतो. महिन्याचं व्याज झालं ७५० रुपये. त्यावर जीएसटी १३५. मिळून ८८५. तुम्ही मिनिमम म्हणून ५ टक्के, म्हणजे १,००० भरले. त्यातून मुद्दल फिटलं ११५ रुपये. वीस हजारांतले एकशे पंधरा!

शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलत जाते. किराणा आज घेतला तर त्यावर आजपासूनच व्याज सुरू होतं. त्यामुळे बरेच जण प्रामाणिकपणे दर महिन्याला हजार-बाराशे भरतात, वर्षभर भरतात, आणि बाकी जिथल्या तिथे. "ताई, मी एकही महिना चुकवला नाही, तरी कर्ज फिटत का नाही?" हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची काही चूक नसते. त्याला हा हिशोब कुणी मांडून दाखवलेला नसतो.

मिनिमम भरल्याने लेट फी टळते आणि रिपोर्टवर थकबाकी लागत नाही, एवढा उपयोग खरा आहे. पण कार्ड विकताना "महिन्याला फक्त हजार भरा" असं सांगणारा माणूस तुम्हाला अर्धवट सांगतोय.

इतकं व्याज कायद्याने चालतं का?

चालतं. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे आज दरावर अशी ठरावीक कमाल मर्यादा नाही. व्याज कमी करून घेण्याचा मार्ग बँकेशी बोलण्याचा आहे: बाकी रकमेचे कमी दराने हप्ते पाडून मागा, आणि हप्ते फिटेपर्यंत कार्ड वापरू नका.

कार्ड खरं आहे, बँकही खरी आहे, पण लिमिट १०,००० आणि जॉइनिंग फी १,५००. घ्यावं का?

मी घेऊ नका म्हणेन. १,५०० वर जीएसटी २७०. पहिल्या बिलात १,७७० लागले की वापरायला उरले ८,२३०. म्हणजे काहीही विकत घेण्याआधी लिमिटचा सहावा हिस्सा संपला. स्कोअर कमी असलेल्यांना अशी कार्डं "स्कोअर सुधारायची संधी" म्हणून विकली जातात. तीच सुधारणा बिनफीच्या ठेवीवरच्या कार्डानेही होते.

कार्ड हवं असेल तर विमा पॉलिसी घ्या म्हणतात.

स्पष्ट नाही म्हणा. विम्याला तुमची वेगळी, उघड संमती लागते. फॉर्मवरची टिकमार्क आधीच केलेली असेल तर ती खोडून घ्या. ऑनलाइन अर्जात अशी टिकमार्क लपवून ठेवणं किंवा शेवटच्या पानावर आकार वाढवणं याला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. त्याबद्दल १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

ॲपवरून मिळणारं "पे लेटर कार्ड" हे क्रेडिट कार्डच ना?

दिसायला तसंच, पण आत काय आहे ते विचारावं लागतं. काही वर्षांपूर्वी बऱ्याच ॲपनी प्रीपेड कार्डात (आधी पैसे भरून मग वापरायच्या कार्डात) कर्जाची रक्कम भरून ती क्रेडिट कार्डासारखी वाटली होती. घेणारे बहुतेक तरुण, पहिल्या नोकरीतले, आणि आपण कर्ज घेतोय हे अनेकांना माहीतच नव्हतं. २० जून २०२२ ला रिझर्व्ह बँकेने बिगर-बँक कंपन्यांना सांगितलं की प्रीपेड कार्डात कर्जाऊ रक्कम भरता येणार नाही, आणि ती योजना थांबली.

आजही ॲप उघडल्यावर एवढं शोधा: पैसे देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोण? डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे तिचं नाव तुम्हाला दिसलंच पाहिजे, आणि कर्जाचा खर्च वर्षाच्या टक्क्यांत सांगितला पाहिजे. नाव सापडत नसेल तर ॲप काढून टाका. ॲप संपर्क यादी आणि फोटो बघायची परवानगी मागत असेल तर तेच करा. थकबाकी झाल्यावर नातेवाइकांना फोन करून अब्रू काढायला हीच यादी वापरली गेल्याच्या तक्रारी देशभरात झाल्या आहेत.

एजंट म्हणाला, पाच बँकांत फॉर्म टाकतो, कुठेतरी लागेलच.

असं करू देऊ नका. प्रत्येक अर्जामागे ती बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद राहते. थोड्या दिवसांत पाच नोंदी दिसल्या की सहावी बँक समजते, माणूस पैशासाठी धावाधाव करतोय. आधीच कमी असलेला स्कोअर आणखी घसरतो. स्टेशनबाहेर किंवा मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या मुलांना अर्जामागे कमिशन मिळतं. त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांना दोष देत नाही. पण तुमच्या रिपोर्टची काळजी त्यांनी घ्यावी ही अपेक्षा ठेवू नका.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही. ही भीती खूप जणांच्या मनात आहे आणि ती विनाकारण आहे.

न मागता कार्ड घरी आलं. वापरलं नाही तर चालेल?

चालेल. ते सुरू करू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. न मागितलेलं कार्ड देण्याला बंदी आहे. तरीही दिलं आणि तुमच्या संमतीविना सुरू होऊन आकार लागले, तर बँकेला ते परत करावे लागतात आणि वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यावी लागते. ३० दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर बँकेने ओटीपीने संमती विचारायची असते. ती मिळाली नाही तर काही पैसे न घेता सात कामाच्या दिवसांत खातं बंद करायचं असतं.

जुनं कार्ड बंद करायलाही हीच सात दिवसांची मुदत आहे. बाकी शून्य असूनही बँकेने उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. "कस्टमर केअर" तुम्हाला दहा ऑफर देऊन थांबवू बघेल. बंद करायची विनंती ईमेलवर करा, म्हणजे तारीख हातात राहते.

मग कमी स्कोअर असताना खरं कार्ड मिळवायचं कसं?

मुदत ठेवीवर. आपल्या बँकेत जा, १५-२० हजारांची ठेव ठेवा (किमान रक्कम बँकेगणिक वेगळी असते) आणि त्यावर कार्ड मागा. लिमिट साधारण ठेवीच्या ७५ टक्क्यांपासून पूर्ण रकमेपर्यंत मिळतं. ठेवीवर बँकेचा बोजा राहतो, पण व्याज तुम्हाला मिळत राहतं. बिल बुडवलं तर बँक ठेव मोडून वसूल करते, म्हणून तिला तुमच्या जुन्या स्कोअरची तितकी धास्ती नसते.

हे कार्ड मिळालं की त्यावर थोडंच घ्या. समजा लिमिट १५,००० आहे. विजेचं बिल, मोबाईल रिचार्ज, महिन्याचा गॅस, असं दोन-तीन हजारांचं ठरलेलं वापरायचं आणि पूर्ण बिल मुदतीआधी भरायचं. बचत खात्यातून पूर्ण रकमेची ऑटो-पे लावून द्या, मिनिममची नव्हे. फॉर्मवर दोन्ही पर्याय शेजारीशेजारी असतात आणि काउंटरवरचा माणूस घाईत भलत्याच चौकोनावर खूण करतो, तेव्हा स्वतः बघा. असं वर्षभर सुरळीत केलं की रिपोर्टवर ताज्या, वेळेवर भरलेल्या महिन्यांची रांग दिसायला लागते. २०२५ पासून बँका रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर उमटते.

ॲपवरून ठेव ठेवून कार्ड घेत असाल तर ठेवीची पावती कुठल्या बँकेच्या नावाची आहे ते बघा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. ॲपच्या "वॉलेट"मध्ये ठेवलेल्या पैशाला तो नसतो.

पंधरा हजारही जमत नसतील तर सध्या कार्ड घेऊ नका. आवर्ती ठेव सुरू करा आणि जुनी थकबाकी आधी फेडा.

"पाच हजार द्या, सिबिल क्लीन करून देतो." होतं का असं?

नाही होत. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या रिपोर्ट ठेवतात. त्यांना माहिती बँका आणि वित्त कंपन्या पुरवतात. खरी थकबाकी बाहेरचा कुणीही मिटवू शकत नाही. चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला पैसे लागत नाहीत. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. पूर्ण रिपोर्ट चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो.

रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा असेल तर त्याचा अर्थ बँकेने काही रक्कम सोडून दिली. वसुलीवाला फोनवर "साठ टक्के भरा, विषय संपला" म्हणतो. पण रिपोर्टमध्ये विषय वर्षानुवर्षं राहतो. जमलं तर उरलेली रक्कम भरा, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि शेरा "क्लोज्ड" करून मागा. याला वेळ लागतो. एका महिन्यात स्कोअर २०० ने वाढवून देतो म्हणणारा पैसे घेऊन फोन बंद करतो.

माझा स्कोअर उणे एक दाखवतो. म्हणजे फारच वाईट?

वाईट मुळीच नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. उणे एक किंवा "एनएच" म्हणजे तुमच्या नावावर कर्जाचा इतिहासच नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. एजंट मात्र याच आकड्याची भीती घालून पैसे काढतात.

मी कर्ज घेतलंच नाही, भावकीतल्या एकाला जामीन राहिलो होतो. तरी स्कोअर पडला.

जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं, आणि कर्जदाराने हप्ते थकवले की त्याची झळ तुम्हाला लागते. नागरी सहकारी बँकांच्या कर्जातही हेच होतं. गावाकडे भिडेपोटी सह्या करायची रीत आहे, आणि असे जामीनदार या फसव्या ऑफर्सना लवकर बळी पडतात, कारण "माझी चूक नसताना नकार का" हा राग मनात असतो. बँकेला पत्र लिहून कर्जाची आजची स्थिती मागवा. कर्ज फिटलं असूनही नोंद तशीच असेल तर वर सांगितल्याप्रमाणे तक्रार करा. फिटलेलं नसेल तर कर्जदाराला घेऊन बँकेत बसण्याला पर्याय नाही.

मुलगी शिकायला अमेरिकेत गेली आहे. तिथेही असे मेसेज येतात.

तिथे हा धंदा जुना आहे. छोटं लिमिट आणि भरमसाट फी अशी कार्डं तिथे इतकी बोकाळली होती की २००९ च्या कार्ड कायद्याने खातं उघडल्यानंतरच्या पहिल्या वर्षाची फी लिमिटच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. पण खातं उघडण्याआधी घेतलेली प्रोसेसिंग फी त्या मर्यादेत मोजली जात नाही, तेव्हा तिने ती फी जरूर विचारावी. कार्ड मिळण्याची हमी देऊन फोनवर आगाऊ पैसे मागणं तिथे बेकायदा आहे. फक्त एकाच दुकानाच्या कॅटलॉगमधून खरेदी करता येणारं "कार्ड" घेऊ नये. तिच्यासाठीही सुरुवातीचा मार्ग अनामत ठेवीवरच्या कार्डाचाच, शक्यतो स्वतःच्या बँकेचं किंवा क्रेडिट युनियनचं (तिथली सभासदांची पतसंस्था).

खऱ्या बँकेविरुद्ध तक्रार असेल तर कुठे जायचं?

आधी बँकेकडे, लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. परवानगी नसताना कुणी कर्ज-कार्डाचा धंदा मांडला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर कळवा. नुसता संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला, पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या "चक्षु" सुविधेवर कळवा. कॉल सकाळी १० च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आला असेल तर तेही तक्रारीत लिहा. कार्ड विकणाऱ्यांना त्या वेळेबाहेर फोन करायला मनाई आहे.

एजंटला आधार, पॅन आणि सेल्फी देऊन बसलो. कार्ड आलंच नाही. आता?

तुमच्या नावावर दुसऱ्याने कर्ज उचलण्याचा धोका आहे, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. आधार ॲपमधून बोटांचे ठसे आणि डोळ्यांची ओळख लॉक करा. चारही कंपन्यांचे रिपोर्ट एकदम मागवू नका. एक आज, दुसरा तीन महिन्यांनी, असे वर्षभर पुरवून मागवा, म्हणजे फुकटात लक्ष राहतं. कुणी तुमचा रिपोर्ट मागवला की कंपनीकडून एसएमएस किंवा ईमेल येतो, तेव्हा तिथे नोंदलेला मोबाईल नंबर तुमचाच आणि चालू आहे ना, हे तपासा. रिपोर्टमध्ये न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि त्या रिपोर्ट कंपनीला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत दोघांनाही पाठवा. रिपोर्ट कंपनीला कळवल्याच्या तारखेपासून, वर सांगितलेल्या भरपाईसाठीचे, ३० दिवस मोजायला लागा.